गोवर : रोमान्तिका, लस आणि वैद्याचे कर्तव्य

शिशिर सरून वसंत ऋतू लागला की आपल्या दवाखान्यांत ताप, सर्दी आणि अंगावर लाल पुरळ घेऊन आलेली बालके दिसू लागतात. हेमंत-शिशिरात संचित झालेला कफ या काळात प्रकुपित होतो, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. आपल्या देशात गोवराचा जोर साधारणपणे याच महिन्यांत वाढतो, असे आधुनिक साथरोगशास्त्रही सांगते. अशा वेळी आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गोवर आहे का? मग औषध नको, निघू दे सगळा बाहेर." या वाक्याला वैद्य काय उत्तर देतो, यावर पुष्कळदा त्या बालकाचे आणि शेजारच्या दहा घरांतील बालकांचे भवितव्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आमचे मत आरंभीच स्पष्ट नोंदवितो. गोवर हा निसर्गतः येऊन जाणारा किरकोळ विकार आहे, ही समजूत आपल्या व्यवसायातून कायमची हद्दपार झाली पाहिजे. गोवराच्या रुग्णाची शुश्रूषा हे वैद्याचे काम आहेच. परंतु रोग ओळखणे, त्याची वर्दी आरोग्य केंद्राला देणे, बालकाला वेळेवर जीवनसत्त्व 'अ' मिळवून देणे आणि वस्तीतील इतर बालकांचे लसीकरण झाले आहे की नाही हे पाहणे, ही कामेही तितकीच वैद्याची आहेत. त्यांत आयुर्वेदाला कमीपणा येत नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

गव्हाण आणि परिसर

विषय नेमकेपणाने मांडता यावा म्हणून आम्ही पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. आयुर्वेदाच्या दृष्टीने पनवेलचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथेच 'श्री धूतपापेश्वर'ची स्थापना केली आणि येथील औषधे देशभर पोहोचली. या तालुक्यात वैद्यावर लोकांचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

एके काळी भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगणारा आगरी-कोळी वस्तीचा हा पट्टा गेल्या काही दशकांत पार पालटला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, पुढे न्हावा-शेव्याचे बंदर आले, उलव्याची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. गव्हाण फाट्यावरून कंटेनरची रांग अखंड वाहते. या सर्व कामांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून मजूर आले. त्यांची बिऱ्हाडे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि काम संपले की दुसरीकडे हलतात. तालुक्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात.

या स्थलांतराचा गोवराशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. ज्या बालकाचा नववा महिना भट्टीवर आणि सोळावा महिना बांधकामाच्या शेडमध्ये उजाडतो, त्याचे नाव कोणत्याच गावाच्या यादीत नसते. गव्हाणला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशा आहेत, अंगणवाडी आहे. तरीही यादीत नसलेले मूल त्यांच्या नजरेतून सुटू शकते. तापाने फणफणले की तेच मूल जवळच्या वैद्याच्या बाकावर येऊन बसते. शासकीय यंत्रणेला न दिसणारे मूल आपल्याला दिसते, हे लक्षात घेतले की आपली जबाबदारी आपोआप स्पष्ट होते.

ग्रंथोक्त रोमान्तिका

गोवराचे वर्णन आपल्या ग्रंथांना अपरिचित नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानातील श्वयथुचिकित्सा अध्यायात रोमान्तिकेचा उल्लेख येतो. सर्वांगावर उठणाऱ्या लहान पिडका, ज्वर, दाह, तृष्णा, कंडू, अरुची आणि प्रसेक ही तिची लक्षणे असून ती पित्तकफज सांगितली आहे. माधवनिदानात मसूरिकेच्या अध्यायात रोमान्तिकेचे स्वतंत्र वर्णन आहे. तिच्या पिडका रोमकूपांच्या उंचीएवढ्याच असतात, वर्ण लाल असतो, सोबत कास आणि अरुची असते आणि मुख्य म्हणजे ज्वर आधी येतो व पुरळ मागाहून. हे वर्णन वाचून गोवराचा रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहणार नाही असा वैद्य विरळाच.

माधवकराचा काळ सामान्यतः इसवी सनाचे सातवे-आठवे शतक मानला जातो. देवी आणि गोवर हे भिन्न रोग आहेत, असे विस्ताराने मांडण्याचे श्रेय जागतिक इतिहासात दहाव्या शतकातील इराणी वैद्य अल्-राझी यांना दिले जाते. आपल्या आचार्यांनी त्यापूर्वीच मसूरिका आणि रोमान्तिका यांत भेद केला होता, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या अभिमानाची कसोटी दवाखान्यात लागते. आचार्यांनी जो भेद डोळ्यांनी निरीक्षण करून नोंदविला, तो आज आपणही तितक्याच काळजीने केला पाहिजे.

तो भेद असा. गोवरात तीन-चार दिवस वाढत जाणारा ज्वर, प्रतिश्याय, कोरडा कास आणि लाल, पाणावलेले, प्रकाश सहन न होणारे डोळे ही पूर्वरूपे असतात. याच वेळी गालाच्या आतील बाजूस, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके काही रुग्णांत दिसतात. कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये वर्णिलेले हे चिन्ह पुरळापूर्वीच निदान करून देते. म्हणून तापाच्या प्रत्येक बालकाचे तोंड उजेडात उघडून पाहावे. पुरळ कानामागून आणि कपाळाच्या केसांच्या रेषेपासून सुरू होऊन चेहरा, धड, हातपाय असे खाली उतरते. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड असतात, ते धडावर अधिक असतात आणि नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात. रुबेलात ताप सौम्य असतो व कानामागील आणि मानेमागील गाठी सुजतात. डेंग्यूतही पुरळ येते. औषधाच्या असात्म्यतेनेही येते. केवळ नजरेने गोवर व रुबेला यांत निश्चित भेद करता येत नाही, त्यासाठी रक्ततपासणी लागते. रुबेला बालकाला सौम्य वाटला तरी घरातील गर्भिणीला तो झाल्यास गर्भाचे डोळे, हृदय आणि श्रवण यांवर आघात करू शकतो, हेही विसरून चालणार नाही.

संसर्गाविषयी आचार्य काय म्हणतात? सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोगांचा विचार मांडताना निकट सहवास, गात्रस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन व आसन, वस्त्र, माला आणि अनुलेपन यांतून रोग एका नरापासून दुसऱ्या नराकडे जातात असे सांगितले आणि त्यांत ज्वराचा समावेश केला. यांतील निःश्वास हा शब्द गोवराला तंतोतंत लागू पडतो. रुग्णाच्या श्वास-खोकल्यातून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीतील हवेत सुमारे दोन तासांपर्यंत टिकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवसांनंतरपर्यंत रुग्ण संसर्ग देतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांत हा रुग्ण वावरला तर सुमारे नऊ जणांना गोवर होतो. अर्थात जो दिवस आपण 'गोवर' असे निदान करतो, त्याच्या चार दिवस आधीपासून प्रसार सुरू झालेला असतो. म्हणूनच केवळ रुग्णाला वेगळे ठेवून साथ थांबत नाही.

'निघू द्यावा' या समजुतीचे परीक्षण

गोवर पूर्ण बाहेर पडला की अंगातील उष्णता निघून जाते आणि मूल पुढे धडधाकट होते, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. तिचे मूळ समजण्यासारखे आहे. पुरळ पूर्ण उठल्यावर एक-दोन दिवसांत ज्वर उतरतो, त्यामुळे पुरळाने ज्वर काढला असे वाटते. वस्तुतः शरीराची प्रतिकारयंत्रणा विषाणूशी झुंजू लागल्याचे ते लक्षण आहे. आत काय घडते याचा तो पुरावा नाही.

या समजुतीचे दुसरे मूळ श्रद्धेत आहे. देवी, कांजिण्या आणि गोवर यांना देवीचे रूप मानून शांत करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. रायगड जिल्ह्यात चौलच्या शितळादेवीला आजही भाविक जातात. या श्रद्धेचा उपहास करण्याचे आम्हास कारण दिसत नाही. भावप्रकाशात शीतलेच्या रुग्णासाठी शुचि व शीतल स्थान आणि निंबपत्रांनी माशा वारणे सांगितले आहे. घरात शांतता राखणे, परक्याला आत न घेणे, दाराला कडुनिंब लावणे या रूढींतून विलगीकरणच साधत होते. परंतु श्रद्धेच्या नावाखाली दवाखाना टाळणे, सात दिवस बाळाला आंघोळ न घालणे, डोळे न पुसणे, अंगावरचे दूध तोडणे आणि केवळ भाताच्या पेजेवर ठेवणे, या गोष्टींना शास्त्राचा आधार नाही. अंगावर पिणाऱ्या बालकाचे दूध तोडणे हा तर अपराधच होय.

गोवरात मृत्यू येतो तो बहुधा उपद्रवांनी. फुप्फुसदाह, अतिसार, कर्णपाक, स्वरयंत्राची सूज आणि क्वचित मस्तिष्कशोथ हे त्याचे प्रमुख उपद्रव आहेत. मस्तिष्कशोथाचे प्रमाण हजारी सुमारे एक आहे. कुपोषित बालकात जीवनसत्त्व 'अ' चा उरलासुरला साठा गोवर संपवितो आणि डोळ्याच्या बुबुळाला व्रण पडून दृष्टी जाते. काही बालकांत वर्षानुवर्षे काही दिसत नाही आणि पुढे मेंदूचा असाध्य ऱ्हास सुरू होतो. त्याहून विचार करावयास लावणारी बाब २०१९ मध्ये पुढे आली. लस न घेतलेल्या ७७ बालकांच्या रक्ताची गोवरापूर्वी व नंतर तपासणी केली असता, इतर रोगांविरुद्ध पूर्वी तयार झालेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नष्ट झाल्याचे आढळले. म्हणजे गोवर येऊन गेल्यावर मूल धडधाकट होण्याऐवजी त्याने कमावलेले व्याधिक्षमत्वच हरपते. गोवरानंतर कित्येक महिने मूल सारखे आजारी पडते, हे अनुभवी आजीलाही ठाऊक असते. त्याचे कारण आता कळले आहे.

२०२२ चा धडा

हे सारे जुन्या काळाचे, असे कोणास वाटत असेल तर त्यांनी २०२२ चे वर्ष आठवावे. त्या वर्षी ऑक्टोबरपासून मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ पसरली. मालेगाव, भिवंडी आदी शहरांतही रुग्ण आढळले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात बालकांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या, केंद्राचे पथक आले. डझनाहून अधिक बालके दगावली आणि त्यांतील बहुतेकांचे लसीकरण झालेले नव्हते किंवा अपुरे होते. कोविडच्या काळात खंडित झालेल्या लसीकरणाचे ते फळ होते. अखेर बाधित भागांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना जादा मात्रा द्यावी लागली आणि जेथे लहान अर्भकांत रोग अधिक होता तेथे सहाव्या महिन्यापासून लस द्यावी लागली.

गोवंडी गव्हाणपासून खाडीपलीकडे आहे. सागरी सेतूने ते अंतर आता काही मिनिटांवर आणले आहे. दाटीची वस्ती, हलती कुटुंबे, कमी वजनाची मुले आणि अर्धवट लसीकरण ही गोवंडीची चार लक्षणे आपल्या परिसरातील मजुरांच्या वस्त्यांतही आढळतात.

या साथीचे गणित प्रत्येक वैद्याने समजून घ्यावे. नवव्या महिन्यात दिलेल्या एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांत संरक्षण निर्माण होते. दुसऱ्या मात्रेनंतर ते ९५ टक्क्यांच्या वर जाते. गावातील सर्वच बालकांना फक्त पहिली मात्रा मिळाली तरी दर वर्षी शंभरातील सुमारे पंधरा असुरक्षित राहतात. सहा-सात वर्षांत त्यांची बेरीज एका संपूर्ण वर्षाच्या जन्मसंख्येएवढी होते. तेवढे इंधन जमले की एक ठिणगी पुरते. गोवर रोखावयाचा तर ९५ टक्के लोक प्रतिकारक्षम असावे लागतात, आणि ते दुसऱ्या मात्रेवाचून शक्य नाही. म्हणून "एक डोस झालाय" या उत्तरावर आपण समाधान मानू नये.

काही आक्षेप

आपल्याच व्यवसायबंधूंकडून लसीविषयी काही आक्षेप ऐकू येतात. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की नैसर्गिक रोगाने येणारी क्षमता आजन्म टिकते, मग लस कशाला? रोगाने येणारी क्षमता टिकते हे खरेच आहे. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पण १७८१ च्या साथीत गोवर झालेले वृद्ध मात्र सुरक्षित राहिले, असे डेन्मार्कचे वैद्य पॅनम यांनी नोंदविले. प्रश्न एवढाच की ती क्षमता कोणत्या किमतीस घ्यावयाची. १९६३ मध्ये लस येण्यापूर्वी जगात दर वर्षी सुमारे २६ लाख लोक गोवराने मरत असत. २०२३ मध्ये हा आकडा १ लाख ७ हजारांच्या घरात होता, आणि तोही बहुतेक लसीपासून वंचित बालकांचा. लस तीच ओळख शरीराला करून देते, किंमत मात्र घेत नाही.

दुसरा आक्षेप असा की लस ही आयुर्वेदाच्या तत्त्वांत बसत नाही. आमचे मत उलट आहे. आचार्यांनी व्याधिक्षमत्वाची संकल्पना मांडली आणि स्वस्थाच्या स्वास्थ्यरक्षणाला आतुराच्या विकारप्रशमनाच्या आधी स्थान दिले. जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना चरकाचार्यांनी दाखविले की प्रकृती, आहार, बल, सात्म्य भिन्न असूनही वायू, उदक, देश, काल दूषित झाल्यास सर्व लोक एकाच रोगाने ग्रासले जातात. अशा रोगाशी एकेका रुग्णाच्या प्रकृतीपुरता विचार करून लढता येत नाही, संपूर्ण जनपदाचे रक्षण करावे लागते. देवीच्या लसीने हेच सिद्ध केले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला देवीची लस देण्यात आली. भारतातील ती पहिली यशस्वी लस होय. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मे १९८० मध्ये जगातून देवी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मसूरिकेचा ग्रंथातील अध्याय आपण आजही वाचतो, परंतु देवीचा रुग्ण पाहिलेला तरुण वैद्य आज सापडत नाही. रोमान्तिकेचेही असेच व्हावे, यात आयुर्वेदाची कोणती हानी आहे?

तिसरा आक्षेप दुष्परिणामांचा. लसीनंतर काहींना दोन-तीन दिवस ताप किंवा हलके पुरळ येते, हे खरे. मात्र गोवराच्या लसीचा आत्ममग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ मधील लंडनचा निबंध दोषपूर्ण ठरून २०१० मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाने मागे घेतला. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली आणि कोट्यवधी मुलांना लस दिली गेली. त्यांतील कितीतरी मुले आज आपल्याच घरांत धडधाकट आहेत. आणि ही लस कोठून दूरदेशाहून येत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवराची लस अनेक देशांतील बालकांना दिली जाते.

शिथिलतेचे फळ श्रीमंत देशांनाही मिळते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गोवराने दोन बालकांचा बळी घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला.

वैद्याने काय करावे

आता प्रत्यक्ष कर्तव्याचा विचार करू.

प्रथम निदान व वर्दी. ताप आणि पुरळ असलेले प्रत्येक बालक संशयित गोवर-रुबेला समजून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास दूरध्वनीने कळवावे. निदान निश्चित होण्याची वाट पाहू नये. रक्ताचा नमुना घेणे हे त्यांचे काम, वर्दी देणे हे आपले.

दुसरे, जीवनसत्त्व 'अ'. गोवराच्या प्रत्येक बालकाला, पूर्वी मात्रा घेतली असली तरी, लागोपाठ दोन दिवस ते द्यावे लागते. सहा महिन्यांखालील अर्भकास ५० हजार, ६ ते ११ महिन्यांस १ लाख आणि त्यापुढे २ लाख आंतरराष्ट्रीय एकक अशी मात्रा आहे. डोळ्यांची लक्षणे असल्यास काही आठवड्यांनी तिसरी मात्रा लागते. ते आरोग्य केंद्रात मिळते. हे औषध आहे, खाद्य नव्हे. टेक्सासमधील साथीत पालकांनी स्वतःच्या मनाने दिलेल्या अतिमात्रेमुळे काही बालकांच्या यकृतावर परिणाम झाल्याचे आढळले होते. त्याच कारणाने ते लसीला पर्यायही नव्हे.

तिसरे, आपली चिकित्सा. ज्वर व तृष्णेत षडंगोदक, मृदू व द्रव आहार, मुगाचे कढण, साळीच्या लाह्यांचे पाणी, अग्नी सुधारताच तूप-भात, अंगावरचे दूध अखंड, कोमट पाण्याने अंग पुसणे आणि डोळे-तोंडाची स्वच्छता, एवढ्याने साध्या रुग्णास मोठा आराम मिळतो. गुडूची, पर्पट, निंब, पटोल यांचा विचार प्रकृती, वय आणि बल पाहून अवश्य करावा. परंतु तान्ह्या बालकात तीव्र रसकल्प टाळावेत, लंघन लांबवू नये आणि विषाणू आपल्या काढ्याने मरतो असे आश्वासन देऊ नये. गोवराच्या विषाणूवर खात्रीचे औषध आधुनिक वैद्यकाकडेही नाही. शुश्रूषेच्या बाबतीत आपण दोघेही एकाच जागी उभे आहोत.

चौथे, मर्यादा ओळखणे. श्वास जलद होणे, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणे, झटके, सुस्ती, पिणे बंद होणे, वारंवार वांत्या, जलक्षय, बुबुळावर धूसरपणा, अथवा पुरळ मावळू लागल्यावरही ज्वर कायम राहणे किंवा पुन्हा चढणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच बालकास रुग्णालयात पाठवावे. "उद्या बघू" हे दोन शब्द गोवरात फार महाग पडतात.

पाचवे, संपर्कातील बालके. घरातील व शेजारच्या प्रत्येक बालकाचे लसीचे कार्ड मागवून पाहावे. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस मिळाल्यास रोग टळू शकतो. रुग्ण बालकास पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस अंगणवाडी, शाळा, लग्नसमारंभ आणि आपल्या दवाखान्याचे गर्दीचे बाकडे यांपासून दूर ठेवावे.

संघटना आणि शासन यांच्याकडून अपेक्षा

केवळ व्यक्तिगत प्रयत्नांवर हे काम सोडून चालणार नाही. शासनाने २०२६ अखेर गोवर-रुबेला निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठावयाचे तर मजुरांच्या शेडपाशी आणि वाडीवर दवाखाना असलेल्या वैद्याला निगराणीच्या व्यवस्थेत रीतसर स्थान द्यावे लागेल. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकांस खाजगी वैद्यांना बोलवावे, वर्दी देणाऱ्यास तपासणीचा निकाल कळवावा आणि मजूर वस्त्यांतील लसीकरणाचे दिवस आधी कळवावेत, अशी आमची मागणी आहे. वर्दी देऊनही पुढे काय झाले हे कधीच कळत नसेल, तर दुसऱ्या वेळी दूरध्वनी उचलण्याचा उत्साह राहत नाही.

त्याबरोबर आपल्या संघटनेनेही काही करावे. प्रत्येक सदस्याच्या दवाखान्यात गोवराच्या लक्षणांचा व लसीच्या वेळापत्रकाचा मराठी-हिंदी फलक लावावा. वसंतारंभी एक सत्र या विषयासाठी राखावे. पाच वर्षांखालील मुलाच्या केसपेपरवर 'गोवर-रुबेला : पहिली / दुसरी मात्रा' असा रकाना छापावा. खर्च नगण्य आहे. परंतु तो रकाना रिकामा दिसला की वैद्याला विचारावेच लागेल, आणि वैद्याने विचारले की आई दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाईल. हा विश्वास आपल्या पूर्वसूरींनी मिळवून ठेवलेला आहे.

गव्हाणच्या शेडमधील ज्या मुलाचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्याचे नाव प्रथम आपल्या केसपेपरवर लिहिले जाते. तेथून ते आरोग्य केंद्राच्या नोंदवहीपर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. येत्या वसंतापूर्वी प्रत्येक सदस्याने आपल्या परिसरातील अशा वस्त्यांची यादी करून केंद्राकडे द्यावी, एवढीच विनंती. इत्यलम्.